निरोप ऐकणारं यंत्र कुणाच्या बाजूचं?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली गावं ऊसतोडीसाठी रिकामी व्हायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरायचा, मुकादमाच्या टोळीबरोबर कोल्हापूर, सांगली, सोलापूर नाहीतर थेट बेळगाव-बागलकोटचा कारखाना गाठायचा आणि पाडव्याच्या आगेमागे परतायचं. मधले पाच-सहा महिने गाव आणि फड यांना जोडणारा एकच धागा, तो म्हणजे फोन. पण एकमेकांना वेळेवर फोन लागणंही अवघड. पहाटे अंधारात फडावर गेलेली बाई दिवसा फोन घेऊ शकत नाही आणि ती कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, येऊन चूल पेटवते तेव्हा गावाकडे म्हातारी झोपलेली असते. म्हणून निरोप रेकॉर्ड करून ठेवायचा. पोराला ताप आहे, मुकादमाचा माणूस येऊन गेला, सोयाबीनचे पैसे जमा झाले का बघा, आजी औषध घेत नाही. 'व्हॉइस टाक' हे दोन शब्द आता जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

बीडमध्ये निरोप लिहिण्यापेक्षा बोलण्याकडे का वळला, याचं कारण २०११ च्या जनगणनेत दिसतं. जिल्ह्याची साक्षरता तेव्हा ७७ टक्क्यांच्या घरात होती आणि स्त्रियांची ६८ टक्क्यांच्या आसपास. साक्षर म्हणून नोंद झालेल्यांपैकीही अनेकांना फोनवर देवनागरी टंकता येत नाही. दुसरं कारण तांत्रिक आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. साध्या एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरं मावतात, देवनागरीची फक्त ७०. मराठीत पाठवलेला तोच मजकूर दोन-तीन एसएमएसचा होतो आणि पाठवणाऱ्याला तेवढे जास्त पैसे पडतात. बँका, विमा कंपन्या, सरकारी योजना यांचे बहुतेक एसएमएस इंग्रजीत येतात, त्यामागे हा हिशोबही आहे. परिणाम असा की ज्या बाईच्या खात्यात पैसे आले तिलाच तो मेसेज दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

आवाज ओळखणारी यंत्रणा आणि आपल्या वतीने काम करणारे प्रोग्राम, ज्यांना आता सर्रास एजंट म्हणतात, यांच्याबद्दल सध्या रोज काहीतरी छापून येतं. फोन उचलणारा एजंट, निरोप लिहून काढणारा एजंट, उत्तर देणारा एजंट. या सगळ्याचा बीडसारख्या जिल्ह्याला काय उपयोग, हा या लेखाचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगतो. यंत्राला मराठी कळायला लागली आहे आणि ती आणखी कळेल, यात शंका नाही. पण आपल्याकडे आजवर ही यंत्रं बहुतेक करून फोन करणाऱ्याच्या सोयीसाठी बांधली गेली. फोन घेणाऱ्याच्या बाजूने पूर्णपणे उभं राहणारं यंत्र अजून आपल्याकडे आलेलं नाही आणि बीडला गरज आहे ती त्याची.

या कल्पनेचं वय आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये क्रिस श्मांट आणि बॅरी ॲरन्स यांनी १९८४ मध्ये 'फोन स्लेव्ह' नावाचा प्रयोग मांडला. फोन आला की यंत्र विचारायचं, कोण बोलतंय, कशाबद्दल, परत कुठे फोन करायचा. आणि उत्तरं वेगवेगळी साठवून मालकाला हवी तशी ऐकवायचं. १९९० च्या दशकात 'वाइल्डफायर' ही तोंडी हुकूम ऐकणारी सेवा आली. २००९ मध्ये गूगल व्हॉइसने रेकॉर्ड झालेला निरोप मजकुरात लिहून द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 'स्पिनव्हॉक्स' या कंपनीचं प्रकरण गाजलं. ही कंपनी व्हॉइसमेल मजकुरात उतरवून द्यायची आणि काम यंत्र करतं असं ग्राहकांना वाटायचं. प्रत्यक्षात अनेक निरोप दूरदेशीच्या कॉल सेंटरमधली माणसं ऐकून लिहीत होती. पुढे २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या आवाजी सहायकांबाबतही हेच उघड झालं, की काही रेकॉर्डिंग कंत्राटी माणसं ऐकतात. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे, कारण फडावरच्या बाईचा निरोप कोण ऐकतं याला फार महत्त्व आहे.

भारतात व्हॉइसमेल कधी रुजलंच नाही. आपण त्याच्या जागी मिस्ड कॉल आणला. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंगा म्हणजे फोन कर. पैसा खर्च न करता निरोप देण्याची ही पद्धत लोकांनी स्वतः घडवली आणि मग बाजाराने, राजकारणाने ती उचलली. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात अण्णा हजारे यांना पाठिंबा देण्यासाठी लोकांनी मिस्ड कॉल दिले. बंगळूरच्या 'झिपडायल' कंपनीने मिस्ड कॉलवरच धंदा उभा केला आणि जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने ती कंपनी विकत घेतली.

उलट्या दिशेने, म्हणजे वरून खाली येणारा आवाज मात्र आपल्याकडे लवकर आला, आणि त्यात बीड जिल्ह्याचा एक धागा आहे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत अटलबिहारी वाजपेयींचा रेकॉर्ड केलेला आवाज देशभरातल्या फोनवर गेला. त्या प्रचाराची सूत्रं प्रमोद महाजन यांच्याकडे होती. अंबाजोगाईत वाढलेले, तिथल्या योगेश्वरी विद्यालयात शिकलेले महाजन त्याआधी केंद्रात दूरसंचार आणि माहिती तंत्रज्ञान मंत्री होते. बीएसएनएलची मोबाइल सेवा ऑक्टोबर २००२ मध्ये त्यांच्याच काळात सुरू झाली. फोन हे लाखो लोकांच्या कानापर्यंत एकाच वेळी पोचण्याचं साधन आहे हे त्यांनी लवकर ओळखलं. मात्र त्या फोनवर पलीकडच्याला काही बोलायची सोय नव्हती. पुढच्या वीस वर्षांत ग्रामीण माणसाकडे जे जे आवाजी तंत्रज्ञान आलं, त्यातलं बरंचसं याच वळणाचं राहिलं.

त्यातलं सगळ्यात उपयुक्त उदाहरण आरोग्याचं आहे. केंद्र सरकारची 'किलकारी' सेवा जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली, पण महाराष्ट्र आणि गुजरात त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ रेकॉर्ड केलेले निरोप मोफत येतात. लोहाच्या गोळ्या, तपासणी, लसीकरण, स्तनपान असे विषय. आशाताई किंवा नर्सबाई बाईची नोंद करतात तेव्हा जो नंबर लिहिला जातो, त्या नंबरवर हे फोन येतात.

बीडच्या संदर्भात अडचण नेमकी त्या नंबरपाशी सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४.८ टक्के स्त्रियांनी सांगितलं, की त्यांच्याकडे स्वतः वापरायचा मोबाइल आहे. म्हणजे जवळपास निम्म्या बायकांच्या बाबतीत नोंदलेला नंबर नवऱ्याचा, दिराचा, शेजारणीचा असू शकतो. टोळी कर्नाटकात गेली की रिचार्ज परवडत नाही म्हणून सिम बदलतं. निरोप येण्याच्या वेळेला फोन नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा ट्रॅक्टरवर. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याच बायकांना शरीराबद्दलची साधी, खरी माहिती त्यांच्या कानात मिळणं किती मोलाचं आहे, हे वेगळं सांगायला नको. माहितीचा निरोप तयार आहे, तो पाठवणारी यंत्रणा तयार आहे, फक्त ज्या कानासाठी तो आहे त्या कानापर्यंत तो जात नाही.

या ठिकाणी एजंट काय करू शकतो याचा एक चांगला प्रयोग महाराष्ट्रातच झालेला आहे. मुंबईची 'आरमान' ही संस्था डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये स्थापन केली. त्यांची 'एममित्र' सेवा गरोदर आणि बाळंत बायकांना आवाजी निरोप पाठवते. अनुभव असा, की काही आठवड्यांनी अनेक जणी फोन उचलेनाशा होतात. आरोग्य कार्यकर्तीने प्रत्यक्ष फोन करून विचारलं तर त्या पुन्हा ऐकायला लागतात, पण कार्यकर्त्या थोड्या आणि बायका हजारो. मग आज कुणाला फोन करायचा? गूगलमधल्या मिलिंद तांबे यांच्या चमूबरोबर आरमानने एक प्रणाली बनवली. कोणत्या बाईने किती निरोप किती वेळ ऐकले यावरून, कोण आता तुटण्याच्या बेतात आहे आणि कुणाला फोन केला तर उपयोग होईल, याची यादी ती दर आठवड्याला काढते. २०२१ मध्ये सुमारे २३ हजार बायकांवर ही पद्धत तपासली, तेव्हा ऐकणं सोडून देण्याचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी घटलं. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की प्रणालीने बाईशी स्वतः बोलायचा प्रयत्न केला नाही. तिने फक्त सांगितलं की या बाईला आज माणसाच्या आवाजाची गरज आहे. यंत्राची जागा कुठे आणि माणसाची कुठे, हे इतकं स्वच्छ ठरवलेलं दुसरं उदाहरण मला आपल्याकडे दिसत नाही.

आता ऐकण्याकडे वळू, म्हणजे यंत्राने मराठी ऐकण्याकडे. इथे मराठवाड्याचा वाटा लक्षात ठेवण्यासारखा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, ज्याला बीडची महाविद्यालयं जोडलेली आहेत, संगणकशास्त्र विभागातल्या भारती गवळी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या आसपास मराठीतले सुटे शब्द ओळखण्यावर काम केलं आणि मराठी आवाजांचा संग्रह जमवला. साधनं तुटपुंजी, पण मराठी ध्वनींची गणितं मांडण्याची ती सुरुवात होती. त्याच सुमारास केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने सहा भारतीय भाषांत, शेतमालाचे भाव फोनवर बोलून विचारता यावेत, असा प्रकल्प हाती घेतला. मराठीचं काम मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केलं. त्यासाठी राज्याच्या जवळपास सगळ्या जिल्ह्यांतून सुमारे दीड हजार लोकांचे आवाज फोनवर गोळा केले गेले; मागे वाहनांचा आवाज, माणसांचा गलका, वारा, सगळं तसंच ठेवून. शेतकऱ्याने फोन करायचा, मालाचं नाव आणि बाजारपेठ सांगायची, यंत्राने ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावरचा भाव वाचून दाखवायचा आणि नीट ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारायचं. इंटरनेट नाही, स्मार्टफोन नाही, साधा फोन पुरे. आज त्या कल्पनेकडे पाहताना वाटतं की तिने बीडच्या शेतकऱ्याची गरज अचूक ओळखली होती. स्मार्टफोन आले आणि सगळ्यांचं लक्ष ॲपकडे गेलं.

ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठी धरून आठ भारतीय भाषांत बोलून टंकण्याची सोय दिली, पुढच्या वर्षी त्यांचा असिस्टंट मराठीत आला. २०२२ मध्ये केंद्राने भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानासाठी 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. चेन्नईच्या आयआयटीतल्या 'एआय४भारत' गटाने 'इंडिकव्हॉइसेस' हा संग्रह उभा केला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत २२ भाषांतल्या, १४५ जिल्ह्यांमधल्या १६,२३७ माणसांचा ७,३४८ तासांचा आवाज आहे आणि तो बहुतांशी वाचलेला नव्हे, तर सहज बोललेला आहे. हा फरक मोठा आहे. बातम्या वाचणाऱ्याच्या मराठीवर शिकलेलं यंत्र गेवराईच्या माणसापुढे अडखळतं.

का अडखळतं? पहिलं कारण फोनची तार. साध्या कॉलमध्ये आवाजाचा ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो. स, श, फ अशा ध्वनींमधला बराचसा फरक ज्या उंच कंपनांत असतो ती वाटेतच गळतात. माणूस संदर्भाने भरून काढतो, यंत्राला ते तितकं जमत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजमध्ये हा पट्टा जास्त रुंद असतो, म्हणून कॉलपेक्षा रेकॉर्ड केलेला निरोप यंत्राला सोपा जातो. बीडच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे.

दुसरं कारण बोली. करायलो, जायलो, येऊलालो ही रूपं मराठवाड्यात रोजची. शिकवणीच्या मजकुरात ती जवळजवळ नाहीतच, त्यामुळे यंत्र त्यांच्या जागी ओळखीचा दुसरा शब्द ठोकून देतं आणि वाक्याचा काळच बदलतो. 'निघायलो' आणि 'निघालो' यांत एक माणूस अजून कोपीवर आहे आणि दुसरा रस्त्यावर.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचं, कारण आकडे. मराठीत शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा स्वतंत्र नावाचा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट यांत फोनवर माणसांचाही गोंधळ होतो. त्यात सव्वादोनशे, पावणेचारशे, अडीच हजार, साडेबारा टन. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. टनामागे दर ठरतो तिथे वजनाच्या आकड्यातली एक चूक म्हणजे जोडप्याच्या एका दिवसाच्या घामातली चूक. निरोप लिहून काढणाऱ्या कुठल्याही यंत्राने आकडा आला की मूळ आवाज शेजारी ठेवलाच पाहिजे आणि तो आकडा पुन्हा म्हणून दाखवला पाहिजे. हे तंत्राला अवघड नाही. तसं करायचं आधी ठरवावं मात्र लागतं.

आणि मग ज्या भाषा यादीतच नाहीत त्या. जिल्ह्यातल्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलली जाते. बंजारा समाजातली अनेक जोडपी दरवर्षी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. गोरमाटी आठव्या अनुसूचीत नाही, म्हणून २२ भाषांच्या कुठल्याही मोजणीत ती येत नाही. तांड्यावरची आजी नातवाला गोरमाटीत निरोप पाठवते, तेव्हा आजच्या यंत्राच्या लेखी तो नुसता गोंगाट असतो. बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळीच्या मोहल्ल्यांतली दखनी कागदोपत्री उर्दूत मोजली जाते, पण उर्दूच्या यंत्राला ती पूर्ण कळत नाही.

एवढं असूनही २०२३ पासून सेवांची रांग लागली. पीएम-किसानच्या प्रश्नांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये 'किसान ई-मित्र' आला आणि आता तो मराठीसह ११ भाषांत बोलतो. राज्याच्या कृषी विभागाचं 'महाविस्तार' ॲप २०२५ च्या खरिपाआधी आलं. कीड, हवामान, बाजारभाव यांबद्दल मराठीत विचारता येतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मेटाशी करार करून 'आपले सरकार' सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर, मराठीत लिहून आणि बोलून, देण्याचं जाहीर केलं. एअरटेलने संशयास्पद कॉलचा इशारा एप्रिल २०२५ पासून मराठीसह दहा भाषांत द्यायला सुरुवात केली. ट्रूकॉलरचा फोन उचलणारा असिस्टंट २०२३ मध्ये भारतात आला तेव्हा त्याला इंग्रजी आणि हिंदी येत होती. व्हॉट्सअ‍ॅपने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉइस मेसेज मजकुरात वाचायची सोय जाहीर केली, अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या यादीत मराठी नव्हती. शिवाय २०२५ च्या सुरुवातीला जिओफोनसारख्या साध्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅपच बंद झालं. ज्या घरात तो फोन आजीच्या हाती होता, त्या घरातली व्हॉइसची वाट त्याबरोबर गेली.

ही यादी पाहिली की एक गोष्ट ठळक दिसते. यांतल्या सरकारी सेवा कुणीतरी विचारलं तर उत्तर देतात. पण बीडच्या माणसाची मोठी अडचण विचारण्याची नाही. त्याच्या फोनवर रोज जे येऊन पडतं, त्यातलं कामाचं कुठलं आणि टाकाऊ कुठलं, हे त्याला कळत नाही. लाडकी बहीण योजनेचे पैसे आल्याचा मेसेज, कर्जाची जाहिरात, कारखान्याचा वजनाचा मेसेज, बक्षीस लागल्याची थाप, सगळं एका रांगेत, एकाच लिपीत. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा ओटीपी आधारला जोडलेल्या फोनवर आला. तो फोन नवऱ्याचा असेल आणि नवरा बाहेरगावी असेल, तर काम अडलं. मग ओटीपी फोनवर सांगायचा. सरकारी कामासाठी ओटीपी सांगायचा आणि परक्याला ओटीपी सांगायचा नाही, या दोन सूचना एकाच बाईने एकाच आठवड्यात ऐकायच्या.

पीकविम्याचंही तेच. 'बीड पॅटर्न' हे नाव देशभर गेलं ते विमा कंपनीच्या नफ्या-तोट्याला मर्यादा घालणाऱ्या सूत्रामुळे, पण शेतकऱ्याच्या आठवणीत राहिले ते ७२ तास. २०२४ च्या खरिपापर्यंत स्थानिक आपत्तीत नुकसान झालं की तेवढ्या मुदतीत कळवावं लागे. रेंज नाही, टोलफ्री नंबर लागत नाही, लागला तर एक दाबा, दोन दाबा. बोललेलं ऐकून घेणारं, गट नंबर आणि पीक लिहून घेणारं, नोंद झाल्याचा क्रमांक परत ऐकवणारं यंत्र त्या तीन दिवसांत मिळालं असतं, तर किती तक्रारी वेळेत लागल्या असत्या. ऐकणारं यंत्र थेट फायद्याचं ठरावं अशी याहून चांगली जागा मला सापडत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२५ मध्ये एक चांगली सोय केली. एसएमएस पाठवणाऱ्या संस्थेच्या नावाशेवटी आता अक्षर लागतं: जाहिरात असेल तर पी, सेवा असेल तर एस, व्यवहार असेल तर टी, सरकारी असेल तर जी. इंग्रजी न वाचणाऱ्याला हे अक्षर दिसून उपयोग नाही. पण एखाद्या प्रोग्रामला ते वाचून वेगळं करणं अगदी सोपं. सकाळी फोन हातात घेतल्यावर त्याने मराठीत, किंवा गोरमाटीत, एवढंच सांगावं: रात्री दोन मेसेज कामाचे आले, एक बँकेचा, एक कारखान्याचा, बाकीचे जाहिरातीचे. बँकेचा ऐकायचा का? यासाठी फार हुशार यंत्र लागत नाही. आहे ते पुरेल.

आता फोनमध्ये साठत गेलेल्या व्हॉइस निरोपांकडे येऊ. ऊसतोडीचा व्यवहार उचलीवर चालतो. हंगामाआधी मुकादम जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ रक्कम देतो आणि हंगामभर ती कामातून फिटत जाते. किती उचल घेतली, किती फिटली, मध्ये दवाखान्याला किती दिले, खाड्याचे किती कापले, हे बरंचसं तोंडी असतं किंवा मुकादमाच्या वहीत. भांडण उभं राहिलं की वही त्याच्याकडे आणि आठवण आपल्याकडे. पण आता या बोलण्याचा मोठा भाग व्हॉइस मेसेजमध्ये पडून आहे, तारखेसकट, वेळेसकट. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदी पुराव्यात घेण्याची रीत कलम ६३ मध्ये दिली आहे. म्हणजे कामगाराजवळ त्याच्या नकळत एक वही तयार झाली आहे, पण ती त्याला उघडता येत नाही. शेकडो निरोपांतून 'दवाखान्याला दिलेले पैसे' कधी बोलले गेले हे शोधायचं कसं? आवाज ओळखून शोधता येईल असा साठा, मूळ आवाजासह, कामगाराच्याच फोनवर: माझ्या दृष्टीने या सगळ्या तंत्रज्ञानाचा बीडमधला सर्वांत न्याय्य उपयोग हा असेल.

आणि धोकाही तिथेच आहे. तो साठा दुसऱ्याच्या हाती गेला तर? मुकादमाने किंवा कारखान्याने टोळीला 'मोफत' ॲप दिलं आणि सगळे निरोप त्यांच्या संगणकावर लिहून निघाले तर? कोण काम सोडायचं म्हणतंय, कोण दुसऱ्या टोळीशी बोलतंय, कोण आजारी आहे, हे त्यांना आधी कळेल. स्पिनव्हॉक्सच्या ग्राहकांना निदान आपला निरोप परका माणूस ऐकतोय याचा राग तरी व्यक्त करता आला. उचलीने बांधलेल्या जोडप्याला तो करता येत नाही. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यात संमतीला मोठी जागा आहे. पण ज्याच्याकडून पैसे घेतलेत त्याने संमती मागितली तर नाही कोण म्हणणार? म्हणून आवाज फोनच्या बाहेर जाऊ न देता तिथल्या तिथे ओळखणं ही बीडसाठी हौस राहत नाही, अट होते. स्वस्त फोनवर हे आज नीट चालत नाही, हे खरं. तरीही सरकारी पैशाने जे बनवायचं ते याच अटीवर बनवावं, असं मला ठामपणे वाटतं.

फोन घरातल्या सगळ्यांचा मिळून एक असतो, ही गोष्टही बनवणाऱ्यांना समजून घ्यावी लागेल. बाजारातले बहुतेक एजंट गृहीत धरतात की एक फोन म्हणजे एक माणूस. कोपीवर एक फोन म्हणजे नवरा, बायको, धाकटा दीर आणि संध्याकाळी गाणी ऐकणारी पोरं. बाईसाठी आलेला दवाखान्याचा निरोप सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र तिचं भलं करणार नाही. तिचा आवाज ओळखून, तिने विचारल्यावरच, तिच्या कानाशी बोलणारं यंत्र बनवता येतं. आणि पैशाच्या बाबतीत एजंटने स्वतः काही करायचं नाही: उत्तर नाही, होकार नाही, ओटीपी तर नाहीच. वाचावं, सांगावं, आठवण द्यावी, गरज पडली तर आशाताईला किंवा शिक्षकाला फोन लावून द्यावा.

सुरुवात कुठून करायची याचं उत्तर मला तरी समोर दिसतं. टनामागे दहा रुपयांच्या वर्गणीवर उभं राहिलेलं गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ कामगारांची नोंदणी करतं, ओळखपत्रं देतं. ग्रामसेवक गावात बसून नावं लिहितो, तेव्हाच आणखी चार रकाने भरता येतील. घरात कोणती भाषा बोलता? फोन कुणाच्या हातात असतो? निरोप ऐकायला कोणती वेळ सोयीची? हंगामात सिम बदललं तर नवा नंबर कोण कळवेल? चारही उत्तरं किलकारीच्या यादीला जोडली, तर आठवड्याचा फोन भरदुपारी फडावर वाजण्याऐवजी संध्याकाळी कोपीवर वाजेल. मराठवाडा विद्यापीठाच्या संगणक विभागाने आणि बीड, अंबाजोगाईच्या महाविद्यालयांतल्या पोरांनी, ज्यांतल्या कित्येकांचे आईबाप स्वतः कोयत्यावर जातात, एका हंगामात संमती घेऊन आणि मोबदला देऊन गोरमाटीचे आणि इथल्या मराठीचे आवाज गोळा केले, तर पुढच्या हंगामापर्यंत सकाळचे मेसेज वाचून दाखवणारी साधी सोय तीन-चार तांड्यांवर तपासून बघता येईल. पोरांना आवाज कुठे मिळतील हे शोधावं लागणार नाही. गणपती ते दसरा या दिवसांत सगळी माणसं गावातच असतात.